पिन सरळ का बसत नाही? क्यू बनवणाऱ्यांचे प्रश्न

दोन तुकड्यांचा पूल क्यू (पूल खेळायची काठी) स्वतः बनवू पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली आहेत आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे : बटाच्या, म्हणजे मागच्या जाड तुकड्याच्या, तोंडात बसणारी पिन. हा आट्यांचा खिळा, पुढचा तुकडा म्हणजे शाफ्ट याच्यावर फिरवून बसतो. टेपर (निमुळतेपणा) किंवा पॉलिश जरा इकडेतिकडे झालं तरी क्यू खेळण्याजोगा राहतो, पिन वाकडी बसली की राहत नाही. म्हणून हे सदर सगळं पिनीलाच दिलं आहे. मापं इंचात आहेत, कारण हा धंदा मुळात अमेरिकेचा. पिना, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), कॉलर (जोडाच्या तोंडावरचं कडं) सगळं इंचातच मिळतं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग (०.०२५ मिमी), हे टर्नर मंडळींना सांगायला नकोच.

प्रश्न : मी टर्नर आहे. कारखान्यात साडेचार फुटी लेथ आहे. ३/८-१० ची (३/८ इंच जाड, इंचाला १० आटे) स्टेनलेस पिन मागवली आहे. बटात ड्रिल मारायचं, टॅप फिरवायचा, अ‍ॅराल्डाइट लावून पिन आवळायची, एवढंच ना? क्रम आणि मापं सांगावीत. — वाचक, चिंचवड

उत्तर : क्रम ठीक आहे, पण मधला एक टप्पा सुटला आहे आणि सगळं त्याच्यावरच आहे. ड्रिलनंतर थेट टॅप मारू नका. मध्ये बोरिंग बार फिरलाच पाहिजे. लाकडात ड्रिल तंतूंच्या मागे जातं, एका बाजूला मऊ रेघ लागली की तिकडे कलतं. दीड-दोन इंच खोलीत पाच-सात थाऊ ढळायला वेळ लागत नाही. मग टॅप त्या भोकामागे जातो, पिन टॅपमागे जाते आणि दोष पिनीला येतो. बोरिंग बारला एकच धार असते. आधीचं भोक वाकडं असलं तरी तो स्पिंडलच्याच अक्षावर कापतो.

काम सुरू करताना बट अंतिम मापापेक्षा २० ते ३० थाऊ जाड असावा, तोंडाची कॉलर बसवून झालेली असावी आणि शेवटच्या जाड कापानंतर लाकडाला काही आठवडे विश्रांती मिळालेली असावी. लेथच्या स्पिंडलचं भोक मोजून घ्या. बटाची मागची बाजू सव्वा इंच किंवा थोडी वरच असते, त्यामुळे दीड इंचाचं भोक असेल तर बट आरपार जातो. समोर चक आणि स्पिंडलच्या मागच्या टोकाला तीन-चार बोल्टांचा आधार द्या, नाहीतर बटाचं शेपूट आत हेलकावे खातं. थ्री-जॉ चक दर वेळी तीन-चार थाऊ इकडेतिकडे पकडतो. कॉलेट वापरा, नाहीतर फोर-जॉ चक आणि डायल (फिरण्यातला फरक थाऊत दाखवणारा काटा). जबड्याखाली डेलरिन किंवा नायलॉनची चिरलेली बुश घाला. तोंड चकबाहेर दोन इंचांहून जास्त काढू नका. डायल दोन ठिकाणी लावा, एकदा जबड्याजवळ आणि एकदा तोंडाजवळ. एकाच ठिकाणी काटा स्थिर झाला म्हणजे बट स्पिंडलशी सरळ झाला असं होत नाही. तो तिरका राहूनही त्या एका जागी शून्य दाखवू शकतो.

आता मापं. पिन तीन इंची धरू : पावणेदोन इंच आत, सव्वा इंच बाहेर. भोक पावणेदोनपेक्षा एक सूत जास्त खोल, म्हणजे १ ७/८ इंच. उरलेला गोंद त्या खड्ड्यात राहतो. तोंडावर हलकं फेसिंग (तोंड सपाट कापणं), सेंटर ड्रिल, मग ९/३२ चं ड्रिल. दर पाव इंचाला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा. भुसा अडकला की ड्रिल तापतं, भोकाची भिंत काळी पडते आणि जळक्या लाकडाला गोंद धरत नाही. पुढे बोरिंग. ३/८-१० च्या पिनीच्या आट्यांचा तळ सपाट असतो आणि तळाचा व्यास बनवणाऱ्यागणिक बदलतो, बहुधा ०.३०० ते ०.३१० इंचांत. पिनीबरोबर आलेल्या कागदावर विसंबू नका. व्हर्नियरची धारदार टोकं दोन आट्यांमध्ये घालून स्वतः मोजा आणि भोक त्याहून दोन ते तीन थाऊ मोठं करा.

त्यानंतर, टॅपच्या आधी, तोंडाकडचा पहिला ३/८ इंच भाग पिनीच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करा : ०.३७५ ची पिन असेल तर ०.३७५५ ते ०.३७६. पिन मध्यावर धरून ठेवते ती ही जागा, आटे नव्हेत. आटे फक्त ओढून धरतात. ही वाटी असली की टॅपलाही सुरुवातीलाच सरळ दिशा मिळते. टॅप टेलस्टॉकमध्ये धरा, चक हाताने फिरवा, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. मोटर लावू नका.

गोंद लावण्याआधी पिन कोरडी बसवून पाहा. ती बोटांनी आत जावी, कुठे अडू नये आणि शेवटी हलवली तर डगमगू नये. आता डायल. नेहमीचं टोकदार बटण आट्यांवर उड्या मारतं. रुंद, सपाट बटण घ्या, म्हणजे ते दोन आट्यांच्या माथ्यांवर टेकून राहतं. तोंडाजवळ एका थाऊच्या आत आणि पिनीच्या टोकाशी दोन थाऊंच्या आत फिरली तर पुढे जा. कोरडी पिन चार थाऊ आऊट फिरत असेल तर गोंद तिला सरळ करणार नाही.

पिनीच्या आत जाणाऱ्या भागावर लांबीभर एक चर पाडा, साधारण एक मिलिमीटर खोल. त्रिकोणी कानशीने स्टेनलेसवर जिवावर येतं, बारीक कटिंग डिस्कने पटकन होतं. मग ८० किंवा १०० नंबरच्या कागदाने तो भाग खरवडा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. बाहेर राहणाऱ्या आट्यांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या. संथ सुकणारी इपॉक्सी, आकारमानाने १ : १, नीट मिसळा. भोकाच्या आट्यांना काडीने पातळ थर आणि पिनीला पातळ थर, बस्स. भोक गोंदाने भरायचं नाही. त्याचं कारण सांगलीच्या पत्राच्या उत्तरात आहे. पिन हळूहळू आत घाला, मधूनमधून पाव फेरा मागे घ्या. वर आलेला गोंद लगेच पुसा आणि पुन्हा डायल लावा. गोंद ओला असेपर्यंतच जे करायचं ते करता येतं. बट पिन वर करून उभा ठेवा आणि २४ तास त्याच्याकडे फिरकू नका.

काही जण पिनीच्या टोकाला सेंटरचं छिद्र असतं म्हणून टेलस्टॉकचा सेंटर टेकवून गोंद सुकू देतात. आम्हाला ते पटत नाही. ते छिद्र आट्यांशी एककेंद्री असेलच असं नाही आणि नसेल तर तुम्ही चांगली बसलेली पिन स्वतःच्या हाताने तिरकी धरून ठेवता.

तोंडाचं अंतिम फेसिंग सगळ्यात शेवटी, गोंद पूर्ण सुकल्यावर. पिन मध्ये असल्यामुळे टूल मुळापर्यंत पोचत नाही. पिनीभोवती दीड-दोन मिलिमीटर रुंद आणि थोडी खोल अशी वाटी ठेवा. शाफ्टचं तोंड बाहेरच्या कड्यावर टेकलं पाहिजे, पिनीजवळच्या गोंदाच्या गुठळीवर नाही.

प्रश्न : शाफ्ट एकटा टेबलावर लोटला तर सरळ जातो. बटही सरळ. दोन्ही जोडले की टिपचं टोक नाचतं. पिन वाकडी बसली असं सगळे म्हणतात. काढून पुन्हा बसवू का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : थांबा, काढू नका. अशा तक्रारीत पिनीच्या आधी तोंडावर संशय घ्यायचा. हिशेब पाहा. जॉइंटचा व्यास ०.८५ इंच. तोंडाची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा फक्त एक थाऊ उंच असेल तर शाफ्ट तेवढ्या कोनाने कलतो. शाफ्ट २९ इंच लांब, म्हणजे टिपजवळ तो ३४ थाऊ बाजूला जातो, ०.८५ मिलिमीटरच्या आसपास. क्यू लोटला की टिप मध्यापासून दोन्हीकडे तेवढी जाते, म्हणजे डोळ्यांना जवळपास पावणेदोन मिलिमीटर नाच दिसतो. आणि मूळ चूक एक थाऊची!

तपास असा करा. बटाच्या तोंडावर मार्करची शाई फासा, वाळू द्या, शाफ्ट नेहमीसारखा घट्ट करा, उघडा. शाई कड्यावर सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर तोंड ठीक. एकाच बाजूची चंद्रकोर पुसली असेल तर चोर सापडला. फक्त तो बटात आहे की शाफ्टात हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी दुसरा शाफ्ट लावा, त्याच पिनीचा कुठलाही चालेल. टिप ज्या दिशेला झुकते ती दिशा बटावर खुणेने नोंदवा. दोन्ही शाफ्टांना बटावरची तीच खूण येत असेल तर दोष बटात. दुसरा शाफ्ट सरळ फिरला तर बट निर्दोष आहे आणि पहिल्या शाफ्टचं तोंड किंवा भोक तपासायचं.

दोष बटात निघाला तर पिनीला डायल लावा, एकदा मुळाशी आणि एकदा टोकाशी. दोन्हीकडे सारखाच आकडा आला, समजा तीन थाऊ, तर पिन अक्षाला समांतर आहे पण मध्यापासून सरकलेली आहे. मुळाशी एक आणि टोकाशी सहा असं आलं तर ती तिरकी आहे. मुळाशी आणि टोकाशी दोन्हीकडे एकाच्या आत आली तर पिनीला हात लावू नका. बट अक्षावर धरा आणि तोंडावरून दोन-तीन थाऊचा एक काप घ्या, काम संपलं.

सरकलेल्या पिनीवर उपाय आहे, बाहेरचा व्यास अजून जाड असेल तर. बट पिनीच्या अक्षावर धरून बाहेरून नव्याने कापायचा, म्हणजे कॉलर पिनीशी एककेंद्री होते. बट अंतिम मापाला आणून पॉलिशही झालं असेल तर तीन थाऊचा फरक सोडून द्या. जोडावर बोटाला किंचित कड लागेल, खेळात फरक पडत नाही. तिरक्या पिनीला मात्र काढण्यावाचून इलाज नाही. तिला पाइप घालून वाकवून सरळ करायचा सल्ला कुणीतरी देईलच. पिन सरळ होण्याआधी आतलं लाकूड दबतं, आठवड्याभरात ती पुन्हा ढिली.

प्रश्न : ३/८-१० चा टॅप नाशिकमध्ये कुठेच मिळेना. दुकानदार म्हणतो ३/८ ला १६ आटेच असतात. एम-१० ची पिन आणि टॅप वापरला तर? दोन्ही जवळपास सारख्याच जाडीचे आहेत. — वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदार बरोबर सांगतो. ३/८ चा प्रमाण जाड आटा इंचाला १६ चाच. १० चा आटा हा क्यूवाल्यांचा खास आहे आणि टॅप पिनीबरोबर त्याच पुरवठादाराकडून मागवायचा असतो.

एम-१० जाडीला जवळपास तेवढाच, पण त्याची पिच दीड मिलिमीटर आणि ३/८-१० ची २.५४. आट्याची खोली दोन्हीकडे ०.९ मिलिमीटरच्या आसपासच येते. म्हणजे शाफ्टाच्या मेपलमध्ये उरणारा लाकडाचा आटा तेवढाच उंच, पण ३/८-१० ला तो जवळपास पावणेदोनपट रुंद बुडाचा. इथे आटे लाकडाच्या तंतूंना आडवे कापलेले असतात, प्रत्येक आटा म्हणजे तोडलेल्या तंतूंचा आखूड तुकडा. बारीक आटा रोजच्या जोडणी-उघडणीत कणाकणाने गळतो. म्हणूनच बारीक आट्यांच्या पिना, उदाहरणार्थ ५/१६-१८ किंवा ५/१६-१४, बहुधा शाफ्टात पितळी इन्सर्ट बसवून वापरतात. तुम्हालाही एम-१० वापरायचाच असेल तर पितळी इन्सर्ट करा. मात्र मग तुमचा शाफ्ट सहसा दुसऱ्या कुठल्या बटाला लागणार नाही आणि बटाला विकतचा शाफ्ट लागणार नाही. हा तोटा आज जाणवत नाही, पहिला शाफ्ट वाकल्यावर जाणवतो.

टॅप येईपर्यंत काम अडवायचं नसेल तर जास्तीच्या पिनीचाच टॅप करता येतो. पुढचे तीन-चार आटे उतरते घासा, लांबीभर तीन चर पाडा आणि प्रत्येक चराची पुढची कड धारदार करा. लाकडापुरतं चालतं, बटासाठी उत्तम. शाफ्टासाठी एक अडचण आहे. पिनीचा टॅप अगदी पिनीच्याच मापाचं भोक करतो, फट शून्य, आणि पावसाळ्यात ते भोक पिनीला आवळतं. शाफ्टासाठी विकत घेतलेल्या टॅपचा बाहेरचा व्यास पिनीपेक्षा तीन ते पाच थाऊ मोठा असलेला बरा. शाफ्टाचं भोक ५/१६ चं ठेवा. तुमच्या पिनीचा तळ त्याहून फारच बारीक निघाला तर थोडं कमी करा. सपाट तळाच्या पिनीत शाफ्ट मध्यावर येतो तो आट्यांच्या माथ्यांनी नाही, भोकाच्या भिंतीने. तिथे हलका घट्टपणा हवा.

प्रश्न : इथे मला स्टेनलेस, पितळ, टायटॅनियम आणि जी-१० अशा चारही पिना सहज मिळतात. क्यू मला पुढून जड वाटतो. पिन बदलून काही होईल का, की निव्वळ शोभा? — वाचक, न्यू जर्सी

उत्तर : होतं, आणि किती होतं हे आकड्यात सांगता येतं. तीन इंची ३/८-१० पिनीचं आकारमान साधारण साडेचार घनसेंटिमीटर. स्टेनलेसची पिन सुमारे ३५ ग्रॅम, पितळेची त्याहून दोन-तीन ग्रॅम जास्त, टायटॅनियमची २० आणि जी-१० ची, म्हणजे काचतंतू-इपॉक्सीची, ८ ग्रॅमच्या आसपास. स्टेनलेसऐवजी जी-१० घातली की २७ ग्रॅम कमी होतात, जवळपास एक औंस, आणि तेही समतोलबिंदूपासून दहा इंच पुढे. ५४० ग्रॅमचा क्यू बुडापासून साडेअठरा इंचांवर तोलत असेल तर तो बिंदू सुमारे अर्धा इंच मागे येतो. हातात घेताच कळेल एवढा हा फरक आहे.

आवाज आणि ‘हिट’ यांवर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. टिप आणि शाफ्ट बदलल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्यापुढे पिनीच्या धातूचा फरक किरकोळ आहे. जी-१० घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिला गोंद फार चांगला धरतो आणि म्हणूनच ती पुन्हा निघत नाही. काढायची वेळ आली तर बोअर करून भुगाच करावा लागतो. आणि तिला कापताना उडणारी धूळ काचेची असते. चांगला मास्क लावा, लेथला व्हॅक्यूम लावा, नुसता रुमाल पुरत नाही.

प्रश्न : पिन आवळताना ‘टक्’ असा आवाज आला आणि बटाला तोंडापासून दोन इंच बारीक चीर गेली. लाकूड शिसवी, चांगलं वाळलेलं. टॅप व्यवस्थित होता. असं का व्हावं? — वाचक, सांगली

उत्तर : भोकात गोंद जास्त होता आणि पिनीला चर नव्हता. तळ बंद असलेल्या भोकात घट्ट आट्याची पिन म्हणजे पिचकारीचा दट्ट्या. खालच्या गोंदाला वर यायला वाट नाही. तो दाबला जात नाही, मग लाकूड उघडतो. शिसवी, एबनी यांसारखी कठीण आणि ठिसूळ लाकडं आधी जातात, मेपल जरा सहन करतो.

दुसरं कारण कॉलरपाशी शोधा. कॉलर बसवायला बटाच्या तोंडाशी जो बारीक टेनन (खुंटी) करतात तो बहुधा ५/८ इंचाचा असतो. त्यात ३/८ चं भोक म्हणजे भोवती लाकडाची भिंत फक्त एक सूत, १/८ इंच. टेनन १/२ इंचाचा केला असेल तर अर्धं सूतच उरतं. टेनन ५/८ हून बारीक करू नका आणि कॉलर आधी चिकटवून, पूर्ण सुकू देऊन मगच पिनीचं भोक पाडा. कॉलर त्या भिंतीला बाहेरून पट्ट्यासारखी धरते.

चीर ताजी असेल तर पातळ सुपरग्लू तिच्यात सोडा, वरून सुतळी किंवा रबरी पट्टी गच्च गुंडाळा आणि सुकल्यावर घासून पाहा. बंद झालेली चीर आणि घट्ट पिन असेल तर तो बट वाचला. शिसवी आणि सागवान तेलकट असतात, म्हणून पुढच्या वेळी टॅप मारल्यावर भोक अ‍ॅसिटोनने पुसा, ते उडून जाऊ द्या आणि लगेच गोंद लावा. पुसून रात्रभर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं.

प्रश्न : पाच मिनिटांची इपॉक्सी चालेल का? — वाचक, सोलापूर

उत्तर : पिनीला नको. ती सुकूनही थोडी मऊ राहते आणि उष्णतेला लवकर ढिली पडते. सोलापुरात मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला क्यू किती तापतो हे तुम्हीच जाणता. शिवाय डायल लावून पिन तपासायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

प्रश्न : जुना क्यू आहे, प्रत्येक शॉटला जॉइंटजवळ झिणझिण आवाज येतो. पिन हाताला हलत नाही. पिन काढून पुन्हा चिकटवावी म्हणतो. कशी काढू? — वाचक, ठाणे

उत्तर : आधी आवाज पिनीचाच आहे याची खात्री करा. जॉइंटजवळ ऐकू येणारा आवाज बऱ्याचदा दुसरीकडून निघतो : बुडातला वजनाचा बोल्ट ढिला, फेरूल (टिपखालचं कडं) सुटलेलं, कॉलरजवळची रिंग उघडलेली. बोल्ट काढून ठेवा आणि शाफ्ट न लावता बट बुडाकडून हलक्या रबरी हातोडीने ठोका. आवाज गेला तर पिनीला विनाकारण छळू नका. आवाज राहिला तर पिन दोन बोटांत धरून पुन्हा ठोका. बोटांत कंप बारीक पण स्पष्ट लागतो.

पिनच दोषी निघाली आणि ती धातूची असेल तर उष्णता द्यायची. साधी इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. ६० ते १०० वॉटची सोल्डरिंग इस्त्री पिनीच्या टोकाला टेकवा आणि धीर धरा. पितळ लवकर तापतं, स्टेनलेसला बराच वेळ लागतो. कॉलरभोवती ओलं फडकं गुंडाळून ठेवा, नाहीतर पॉलिशला फोड येतात. ज्योत किंवा हॉट गन नको. ३/८-१० चे नट बाजारात मिळत नाहीत, म्हणून पिनीवर तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळून ड्रिल चकने पकडा आणि डावीकडे हळू फिरवा. थोडी सुटली की पुन्हा तापवा, पुन्हा फिरवा. जोर लावून तोडली तर आतल्या तुकड्याला बाहेर काढायला भोकाभोवतीचं लाकूड जाईल.

पिन निघाल्यावर आट्यांमधला जुना गोंद टॅपने साफ करा. भोक सरळ असेल तर तीच पिन परत चिकटवा. भोकच तिरकं असेल तर ते १/२ इंचाला बोअर करून त्यात मेपल किंवा फेनॉलिकची (राळेच्या कठीण प्लास्टिकची) गुल्ली चिकटवायची आणि नव्याने सुरुवात करायची असा रिवाज आहे. पण सांगलीच्या उत्तरातला हिशेब इथे लावा : ५/८ च्या टेननमध्ये १/२ चं भोक केलं की भिंत अर्धं सूत राहते. तिथे फेनॉलिकचीच गुल्ली वापरा आणि बोअर करताना कॉलर जागेवर असू द्या.

प्रश्न : जून ते सप्टेंबर शाफ्ट पिनीवर जातच नाही, शेवटचे तीन-चार फेरे अडतो. उन्हाळ्यात लोण्यासारखा फिरतो. टॅप मारून भोक मोकळं करू का? — वाचक, रत्नागिरी

उत्तर : पावसाळ्यात टॅप मारू नका, नाहीतर जानेवारीत शाफ्ट पिनीवर खुळखुळेल. हवेतली आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात ९ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ८० टक्के झाली की १६ च्या आसपास. शाफ्ट बाहेरून पॉलिशने बंद असतो आणि भोकातले कापलेले तंतू उघडे. ओल आधी तिथे शिरते. बाहेरचं कोरडं लाकूड जागा देत नाही, मग फुगवटा आत, पिनीकडे येतो.

उपाय कोरड्या दिवसांत करायचा, डिसेंबर-जानेवारीत. शाफ्ट उभा धरून भोकात पातळ सुपरग्लूचे दोन-तीन थेंब सोडा, शाफ्ट आडवा करून गोल फिरवत राहा म्हणजे ते सगळ्या आट्यांना लागतील. जादा टिपून घ्या. तोंडाच्या उघड्या कड्यालाही बोटभर फडक्याने हलका हात द्या. रात्रभर वाळू द्या आणि मग टॅप एकदा हाताने आत-बाहेर करा. तंतू बंद होतात, आटेही कडक होतात. सुपरग्लू ओला असताना ‘बघू तरी’ म्हणून पिन आत घालू नका. ती तिथेच राहील.

सध्यापुरतं : पिनीवर मेणाचं पॉलिश पुसटसं लावा, तेल नको, तेल लाकडात मुरतं आणि पुढे कुठलाही गोंद धरू देत नाही. क्यूच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा. जॉइंटला दोन्ही बाजूंनी टोपणं लावत जा. ३/८-१० ला सव्वा इंच पिनीचे साडेबारा फेरे होतात. शेवटचे तीन अडत असतील तर क्यू पेटीत दोन दिवस कोरडा राहू द्या, पक्कड लावून आवळू नका.